पक्ष्याच्या पायाला बांधलेला सातबारा

बीएस्सीला असताना आमच्या झूलॉजीच्या बॅचला मुंबईत बीएनएचएसचं, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं कलेक्शन बघायला नेलं होतं. फोर्टातलं हॉर्नबिल हाऊस, लायन गेटच्या समोर. आम्हाला वाटलेलं की पेंढा भरलेले वाघबिघ असतील, फोटो काढू, मग बाहेर पडून वडापाव खाऊ. तर आत नुसती कपाटं. एकाचं दार उघडलं, आतला ट्रे पुढे ओढला आणि डांबरगोळ्यांचा असा भपकारा आला की दोघीजणी शिंकायलाच लागल्या. ट्रेमध्ये पक्षी, सगळे उताणे. एका ओळीत पंधरा-वीस, सगळे एकाच जातीचे, पंख अंगाला मिटलेले, पाय जुळवून बांधलेले आणि डोळ्यांच्या जागी पांढरा कापूस. माझी मैत्रीण हळूच म्हणाली, "अगं, हे तर शवागार आहे!"

दाखवणारे जे सर होते त्यांनी एक पक्षी दोन बोटांत अलगद उचलला आणि पक्ष्याबद्दल काही सांगायच्या आधी त्याच्या पायाला बांधलेली चिठ्ठी आमच्यासमोर धरली. शाईने लिहिलेली, पिवळी पडलेली, पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडी मोठी. गाव, तारीख, नर का मादी, कोणी गोळा केला. ते म्हणाले आधी हे वाचा, पक्षी नंतर बघा. तेव्हा मला यातलं काही म्हणजे काही कळलं नव्हतं. नंतर झूलॉजी सुटलं, मी दुसऱ्याच नोकरीला लागले, पण ती चिठ्ठी डोक्यातून गेली नाही. आता इतक्या वर्षांनी वाचून, विचारून जे समजलंय ते सोपं करून सांगते.

पहिली गोष्ट, नॅचरल हिस्टरी म्युझियम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जे येतं ते म्युझियमचं दुकान असतं, गोडाऊन नाही. साडीच्या दुकानात काचेमागे चार पुतळ्यांना साड्या नेसवलेल्या असतात आणि खरा माल आत गठ्ठ्यांत असतो ना, तसंच. मुंबईत ही दोन्ही शेजारी-शेजारी आहेत. छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय, म्हणजे जुनं प्रिन्स ऑफ वेल्स, तिथे नॅचरल हिस्टरीची गॅलरी आहे, काचेच्या मागे जंगलाचा देखावा करून त्यात प्राणी मांडलेत, शाळेच्या सहलीत सगळ्यांनी पाहिलेत. ती गॅलरी उभी करण्यात बीएनएचएसचाच हात होता, आणि १९२६ साली तिथे लोकांना माहिती सांगायला महिना ३५० रुपये पगारावर एका तरुणाला घेतलं होतं, त्याचं नाव सालिम अली. आणि बाजूच्याच आवारात हॉर्नबिल हाऊस, जिथे गोडाऊन आहे. पक्षी २६ हजारांच्या वर, सस्तन प्राणी २० हजारांच्या वर, बेडूक-साप-सरडे मंडळी साडेसात हजारांच्या आसपास, कीटक ५० हजारांच्या आसपास. यातलं जवळपास काहीच तिकीट काढून बघता येत नाही. संशोधकाने परवानगी घेऊन यायचं, ट्रे काढायचा, मोजमापं घ्यायची, परत ठेवायचा.

आता हे जमलं कसं? १८८३ च्या सप्टेंबरात भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे राणीच्या बागेतलं आत्ताचं भाऊ दाजी लाड संग्रहालय, तिथे आठ माणसं जमली. सहा युरोपियन आणि दोन आपले. कल्पना साधी होती, अधूनमधून भेटायचं, कोणी काय पाहिलं ते सांगायचं, कोणाला काही वेगळं सापडलं असेल तर ते आणून दाखवायचं. आजचे पक्षीनिरीक्षकांचे व्हॉट्सॲप ग्रुप असतात तसंच, फक्त फोटोच्या जागी खराखुरा साप. आपल्या दोघांपैकी एक डॉ. आत्माराम पांडुरंग, प्रार्थना समाजाचे संस्थापक. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, वनस्पती आणि औषधींचे जाणकार, आणि डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. म्हणजे ज्या घरातून बालविवाहाविरुद्धचा तो गाजलेला खटला लढला गेला त्याच घरातला माणूस इकडे या मंडळीत बसून झाडापाल्याची चर्चा करत होता, हे मला फार भारी वाटतं, शाळेच्या पुस्तकात हे दोन धागे कधी एकत्र येत नाहीत. पहिले सेक्रेटरी एडवर्ड आइटकन, कस्टम आणि मीठ खात्यातला साहेब, जन्म साताऱ्याचा.

संस्थेला जागा नव्हती. मग हर्बर्ट फिप्सन नावाचा दारूचा व्यापारी होता, त्याने आपल्या दुकानातली खोली दिली. हो, भारतातल्या सगळ्यात जुन्या निसर्गसंस्थांपैकी एकीचं बालपण वाइनच्या दुकानात गेलंय. नंतर अपोलो स्ट्रीटला मोठी जागा झाली आणि तिथे एक विल्यम होता. विल्यम म्हणजे महाधनेश, तोच तो मोठ्ठ्या पिवळ्या चोचीचा, डोक्यावर शिरस्त्राण घातल्यासारखा दिसणारा. १८९४ साली तीन महिन्यांचा असताना कारवारहून कोणीतरी भेट म्हणून पाठवला आणि तो पुढची २६ वर्षं ऑफिसात साहेबाच्या खुर्चीमागे पिंजऱ्यात राहिला. उंदीर, विंचू, फळं, कच्चं मांस, काहीही खायचा, पाणी मात्र प्यायचा नाही, आणि तीस फुटांवरून फेकलेला टेनिस बॉल चोचीत झेलायचा. एकदा पेटलेली सिगार गिळली तरी काही झालं नाही म्हणे. १९२० साली गेला, कोणी म्हणतं तार गिळली म्हणून, कोणी म्हणतं त्याची काळजी घेणारे संस्थेचे सेक्रेटरी मिलार्ड साहेब निघून गेले त्याचा धसका. संस्थेच्या लोगोवर आहे तो हाच विल्यम.

हे मिलार्ड म्हणजे तेच, ज्यांच्याकडे १९०८ साली एक लहान मुलगा आपल्या छऱ्याच्या बंदुकीने पडलेली चिमणी घेऊन आला होता, गळ्यावर पिवळा डाग असलेली, ही कुठली असं विचारायला. मिलार्डनी त्या मुलाला कपाटांतले ट्रे उघडून दाखवले. ती गोष्ट सगळ्यांना माहितीये, सालिम अलींची पीतकंठी चिमणी, त्यामुळे मी परत सांगत नाही, फक्त एवढंच लक्षात घ्या की त्या दिवशी त्याला उत्तर देता आलं कारण कपाटात जुळवून बघायला चिमण्या होत्या.

आणि याच मिलार्डनी एक प्रचंड काम उभं केलं. त्यांच्या लक्षात आलं की पक्षी बऱ्यापैकी जमलेत पण उंदीर, चिचुंद्र्या, वटवाघळं, खारी, मुंगसं यांचं कोणी काही धड जमवलेलंच नाही, कारण साहेबलोकांना वाघ-सांबर मारण्यात रस, उंदराचं डोकं भिंतीवर कोण लावणार. मग लोकांकडून आणि संस्थानिकांकडून वर्गणी काढून १९११ साली सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू केली, ती १९२३ पर्यंत चालली. पगारी माणसं नेमली, ती सापळे घेऊन गावोगाव, डोंगरोडोंगरी फिरली. तिचा पहिला रिपोर्ट आपल्या खानदेशचा आहे. हजारो नमुने जमले, ते ओळखायला लंडनला जायचे, एक संच तिकडे राहायचा आणि उरलेले परत इकडे. एक खंत मात्र आहे. चिठ्ठीवर साहेबाचं नाव असतं, पण जंगलात ज्याने खरा प्राणी दाखवला तो भिल्ल, कातकरी किंवा रात्री कंदिलाच्या उजेडात बसून कातडं सोलणारा माणूस, त्याचं नाव चिठ्ठीवर बहुतेक वेळा नसतंच.

बरं, कातडं सोलणं म्हणजे काय ते सांगते, कारण ट्रेमधला पक्षी आणि गॅलरीतला पक्षी यात फरक इथेच पडतो. पक्षी मेला की घाई सुरू होते, विशेषतः आपल्याकडच्या उकाड्यात. आधी मोजायचं, चोच, पंख, शेपूट, वजन. डोळ्याचा, चोचीचा, पायाचा रंग ताबडतोब लिहून काढायचा कारण तो दोन दिवसांत उडतो आणि मग नंतर कोणीही काहीही म्हणू शकतं. मग छातीच्या हाडापासून खाली एक चीर, आणि आतलं अंग स्वेटरमधून बाळ काढावं तसं बाहेर काढायचं. रक्त पिसांना लागू नये म्हणून भुसा किंवा पीठ भुरभुरवत राहायचं. कवटी, पंखांची आणि पायांची हाडं आतच ठेवायची, मेंदू आणि डोळे काढून टाकायचे. अंग उघडलंच आहे तर बघून घ्यायचं नर का मादी, पोटात काय खाल्लेलं सापडलं. कातड्याला आतून आर्सेनिकचा साबण चोळायचा, म्हणजे कसर लागत नाही, भुंगे खात नाहीत. (म्हणूनच जुने नमुने हाताळताना लोक हातमोजे घालतात, मानाने नाही, विषाने.) मग काडीला गुंडाळलेला कापूस आत भरायचा, शिवायचं, पिसं नीट बसवायची आणि वाळत ठेवायचं. तो जिवंत दिसावा असा काही प्रयत्न नसतो. तो ट्रेमध्ये दाटीवाटीने मावावा, मोजता यावा आणि दोनशे वर्षं टिकावा एवढंच. साप-बेडूक-मासे असतील तर हे काही नाही, फॉर्मालिन, मग अल्कोहोल, बरणी. कीटक असेल तर टाचणी.

आणि शेवटी चिठ्ठी. ही चिठ्ठी म्हणजे सातबारा आहे. तुमच्याकडे दहा एकर जमीन डोळ्यांसमोर दिसतेय पण उताराच नाही, तर तलाठ्यासमोर ती तुमची नाहीच. तसंच पक्षी कितीही सुंदर असो, कुठे आणि कधी मिळाला हे माहीत नसेल तर विज्ञानासाठी तो शोभेची वस्तू आहे, बस. आणि उलट, अर्धी पिसं गळालेला, कसर लागलेला, चोच तुटलेला पक्षी असला पण पायाला "शहादा, खानदेश, अमुक तारीख" अशी चिठ्ठी असेल तर तो सोन्याच्या भावाचा. अमुक दिवशी अमुक जागी हा जीव हजर होता, एवढी साक्ष त्या देहाची आहे.

या सगळ्यात एका नमुन्याला वेगळाच मान असतो, त्याला टाइप म्हणतात. नवीन जात सापडली असं जाहीर करायचं तर नुसतं वर्णन लिहून चालत नाही, एक नमुना पुढे करून सांगावं लागतं की हे नाव मी याला दिलंय. पुढे शंभर वर्षांनी भांडण झालं की अमुक बेडूक ती जात आहे का दुसरी, तर त्या एका नमुन्याशी ताडून बघायचं. आता आपली अडचण अशी की भारतातल्या पक्ष्यांचे कितीतरी टाइप भारतात नाहीतच. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, तेच, काँग्रेसवाले, हा माणूस पक्ष्यांच्या मागे वेडा होता, सिमल्याला त्याच्या घरात अफाट कलेक्शन होतं. १८८४ मध्ये त्याच्या नोकराने त्याची पक्ष्यांवरची हस्तलिखितं रद्दीत विकली, वर्षानुवर्षांची मेहनत कागदाच्या भावात गेली, आणि हा असा खचला की त्याने सगळं कलेक्शन ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकलं. ८२ हजारांच्या आसपास पक्षी आणि अंडी. हे १८८५ साल, म्हणजे ज्या वर्षी मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं त्याच वर्षी इकडचे पक्षी पेट्यांत भरून लंडनला गेले. आज ते इंग्लंडमध्ये ट्रिंग नावाच्या गावात आहेत. भारतातल्या एखाद्या पक्ष्याचा मूळ नमुना बघायचा तर व्हिसा काढा.

पण कपाटात ठेवलेली गोष्ट आपल्याला कळलेलीच असते असं नाही. १९४८ साली अँगस हटन नावाच्या चहामळेवाल्याने तमिळनाडूत, थेनीच्या बाजूला हाय वेव्ही डोंगरात एक फळं खाणारं वटवाघूळ पकडलं. ते बीएनएचएसच्या कपाटात आलं, नेहमीच्याच एका जातीचं म्हणून त्याची नोंद झाली आणि ट्रे आत गेला. वर्षं गेली, वीस-बावीस. मग किट्टी थोंगलोंग्या नावाचा थायलंडचा संशोधक वटवाघळं तपासत बसला होता, त्याने हे उचललं, कवटी बघितली, दात बघितले आणि त्याला काहीतरी वेगळंच वाटलं. नुसती नवीन जात नाही, तिच्यासाठी आख्खी नवीन प्रजात, म्हणजे जातीच्या वरचा गटच करावा लागला. १९७२ मध्ये नाव दिलं, लॅटिडेन्स सालिमअली. सालिम अली तेव्हा हयात होते, पक्ष्यांच्या माणसाचं नाव वटवाघळाला, पण असो. म्हणजे हा प्राणी २४ वर्षं फोर्टात होता, रोज लोक त्या कपाटावरून जात-येत होते, आणि जगाला तो माहीतच नव्हता. सापडायला जंगलात जावं लागलं नाही, ट्रे पुन्हा एकदा ओढावा लागला. आणि हे जमलं कारण हटनच्या नमुन्यावर जागा आणि साल लिहिलेलं होतं, म्हणून पुढे लोक त्याच डोंगरात जाऊन १९९३ मध्ये ते जिवंत शोधू शकले.

आता माझी सगळ्यात आवडती भानगड. खोट्या सातबाऱ्याची.

रानपिंगळा म्हणून एक छोटं घुबड आहे. आपल्याकडे घराभोवती दिसतो तो साधा पिंगळा वेगळा, हा जंगलातला, डोक्यावर ठिपके फारसे नाहीत, पंजे दणकट. १८७३ साली ह्यूमनेच त्याला नाव दिलं, छत्तीसगडच्या बाजूला मिळालेल्या नमुन्यावरून. त्यानंतर १८८० च्या दशकात जेम्स डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्याने खानदेशात, शहादा-तळोद्याकडे काही मिळवले. आणि मग हा पक्षी गायब. १८८४ नंतर कोणालाच दिसला नाही. जगभरातल्या म्युझियममध्ये मिळून सात नमुने, संपलं. सातातला एकच नमुना नंतरच्या काळातला, १९१४ चा, तापीकाठच्या मांडवीचा, गुजरातेतला, गोळा करणारा कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागन. ब्रिटिश सैन्यातला मोठा अधिकारी, गुप्तहेर, नामांकित पक्षीतज्ज्ञ, सगळीकडे दबदबा. तर साहजिकच लोक म्हणायचे की शेवटचा गुजरातेत दिसलाय ना, मग तिकडे शोधू. सालिम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्या दिग्गजांनीही शोधला. नाही मिळाला. मग लोक म्हणायला लागले, संपला बहुतेक.

१९९० च्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकन बाई भारतीय पक्ष्यांवर काम करत होत्या, ट्रिंगला ट्रेमागून ट्रे बघत होत्या, आणि त्यांना या कर्नलच्या नमुन्यांची शंका यायला लागली. चिठ्ठीवरची जागा आणि पक्षी जुळत नाहीत, तारखा जुळत नाहीत. हा गडी पूर्वी म्युझियममधून नमुने परस्पर उचलून नेताना सापडला होता आणि त्याला दीड वर्ष पक्ष्यांच्या दालनात यायला बंदी होती, हे जुन्या कागदांत होतंच, पण एवढ्या मोठ्या माणसाला कोण बोलणार. मग रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी मांडवीच्या त्या रानपिंगळ्याचा एक्स-रे काढला. इथे मघाशी सांगितलेलं शिवणकाम कामाला येतं. प्रत्येक माणसाची कातडं भरायची आपली एक पद्धत असते, कापूस कसा गुंडाळला, हाडं कुठे ठेवली, शिवण कुठून घातली, अगदी प्रत्येक आईची पुरणपोळी लाटायची पद्धत वेगळी असते तशी. या पिंगळ्याच्या आत डेव्हिडसनच्या हाताच्या खुणा होत्या. वरून उसवून नव्याने भरलेला, पण जुनं काम पूर्ण पुसलं गेलेलं नव्हतं. म्हणजे कर्नलसाहेबांनी म्युझियममधला डेव्हिडसनचा खानदेशी पक्षी उचलला, नव्याने शिवला आणि त्याच्या पायाला आपल्या नावाची, खोट्या गावाची, खोट्या तारखेची चिठ्ठी बांधली.

या एका बोगस चिठ्ठीमुळे लोक चुकीच्या जागी शोधत बसले. ती चिठ्ठी बाजूला काढली की उरतात जुन्या खऱ्या चिठ्ठ्या, आणि त्या सांगत होत्या खानदेश. मग रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट असे तिघे भारतात आले, जुन्या चिठ्ठ्यांवरच्या जागा धुंडाळत शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी पोचले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये सकाळी उन्हात एका झाडावर रानपिंगळा बसलेला. तब्बल ११३ वर्षांनी! दिवसाढवळ्या, उघड्यावर, जणू काय झालंच नाही. त्यानंतर तो मेळघाटात सापडला, पुढे तर तानसा अभयारण्यात, म्हणजे मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तलावाच्या जंगलात मिळाला. तिथल्या आदिवासींना तो पक्षी हरवलाय हे कोणी सांगितलंच नव्हतं, हा भाग वेगळा.

यावर लोक नेहमी विचारतात, ठीक आहे, एक नमुना ठेवा, दोन ठेवा, एकाच जातीचे पन्नास कशाला? मलाही त्या ट्रेसमोर हाच प्रश्न पडला होता. उत्तर असं की एक पक्षी म्हणजे एक फोटो, पन्नास वर्षांतले पन्नास पक्षी म्हणजे सिनेमा. उदाहरण ऐका. इंग्लंडमध्ये पक्ष्यांची अंडी जमवायचा एक जुना, आणि माझ्या मते घाणेरडा छंद होता. १९५० च्या दशकात बहिरी ससाणे झपाट्याने कमी व्हायला लागले, अंडी घरट्यातच फुटत होती. डेरेक रॅटक्लिफ या शास्त्रज्ञाने या छंदिष्टांच्या आणि म्युझियमच्या पेट्यांतली जुनी अंडी मोजली, वजन केली, आणि १९६७ मध्ये दाखवलं की साधारण १९४७ पासून कवच एकदम पातळ झालंय. दुसऱ्या महायुद्धानंतर शेतात कीटकनाशक म्हणून काय आलं? डीडीटी. ज्यांनी ती अंडी चोरली त्यांच्या स्वप्नातही डीडीटी नव्हतं. दुसरं, २०१७ सालचं काम. शेन डुबे आणि कार्ल फुल्डनर या दोघांनी अमेरिकेतल्या कारखान्यांच्या पट्ट्यातले १३५ वर्षांतले १,३०० च्या वर पक्षी घेतले, आणि काय मोजलं तर त्यांच्या पोटाच्या पांढऱ्या पिसांवरची काजळी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे पक्षी अक्षरशः चुलीजवळच्या भिंतीसारखे काळे, मंदीच्या वर्षांत कोळसा कमी जळला तर थोडे उजळ, आणि पुढे कायदे आले तसे स्वच्छ. जेव्हा हवेची काजळी मोजायची मशीन कोणाकडे नव्हती तेव्हाची हवा या पक्ष्यांनी अंगावर जपून ठेवली. म्हणून क्युरेटर लोक धूळसुद्धा झटकायला घाबरतात, आणि ते बरोबर आहे.

आपल्याकडचंही एक सांगते. रायगडच्या कड्यांवर घरटी करणारं लांब चोचीचं गिधाड आणि हिमालयाच्या पायथ्याचं, झाडावर घरटी करणारं गिधाड, हे बराच काळ एकच जात धरले जायचे. २००१ मध्ये रासमुसेन आणि स्टीव्ह पॅरी यांनी म्युझियममधले नमुने मोजून दाखवलं की या दोन वेगळ्या जाती आहेत. नेमकी तेव्हा गिधाडं धडाधड मरत होती, आणि एकाऐवजी दोन जाती वाचवायच्या आहेत हे कळणं म्हणजे सगळं गणितच बदलणं. आणि आता तर पायाच्या तळव्याचा नखाएवढा तुकडा घेऊन डीएनए काढतात, शंभर वर्षं जुन्या कातड्यातून. ज्याने ते कातडं भरलं त्याला डीएनए हा शब्दही माहीत नव्हता.

यात वाईट काहीच नाही असं मी म्हणणार नाही. हजारो जीव मारले गेलेत आणि काही वेळा जात दुर्मीळ होतेय हे दिसत असतानाही "शेवटचा मिळतोय तोवर घ्या" म्हणून मारले गेलेत. १९७२ चा वन्यजीव कायदा आल्यावर असं उठसूट मारता येत नाही, परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे. आता गाडीखाली मेलेले, आजारात मेलेले प्राणी जमा होतात, रक्ताचा थेंब, एखादं पीस, आवाजाचं रेकॉर्डिंग, फोटो यावर बरंच भागतं. पण जे आधीच मारले गेलेत ते फेकून दिले तर तो जीव दोनदा फुकट गेला, असं माझं मत आहे.

आणि फेकले जातात हो. जळतातही. दिल्लीचं नॅचरल हिस्टरी म्युझियम एप्रिल २०१६ मध्ये एका रात्रीत जळालं. सप्टेंबर २०१८ मध्ये ब्राझीलचं राष्ट्रीय म्युझियम, तिथे दोन कोटींच्या आसपास वस्तू होत्या, बहुतेक सगळं गेलं. पण आगीची निदान बातमी तरी होते. मुंबईचा पावसाळा, एसी बंद पडलेलं ऑफिस, रिटायर झालेला माणूस आणि त्याच्या जागी न भरलेली पोस्ट, यांची बातमी होत नाही. बुरशी हळूहळू चढते, बरणीतलं अल्कोहोल उडत जातं, वेळेवर कोणी भरलं नाही की आतला बेडूक वाळून खारीक होतो.

मी एका कॉलेजात (नाव नको) काही महिने लॅबला मदत करायला जायचे. तिथे कॉलेजचा दर्जा तपासणारी नॅकची कमिटी येणार म्हणून साफसफाई निघाली आणि जुन्या बरण्यांचं अख्खं शेल्फ मागच्या बोळात आलं. मासे, खेकडे, समुद्रतारे. प्यून काका म्हणाले, "ताई, वास येतोय, भंगारवाला काचेचे पैसे देईल." मी आपली एक बरणी उचलली, तळहाताएवढा खेकडा होता आत, चांगला शाबूत, दोन्ही नांग्यांसकट. चिठ्ठी आतल्या बाजूला चिकटलेली. घरी आल्यावर टॉर्च लावून वाचली. "रेवदंडा" स्पष्ट होतं. त्यापुढे १, ९, ६, आणि मग शाईचा एक निळा डाग.

पुढे एकदा समुद्री जीवांवर काम करणाऱ्या ओळखीच्या एका संशोधकाला ती बरणी दाखवली. त्याने ती उजेडात धरली, बराच वेळ फिरवून बघितली, खेकडा ओळखलाही लगेच. मग चिठ्ठीवर आला.

"साठ का एकोणसत्तर?"

मी म्हटलं, माहीत नाही.

त्याने झाकण नीट घट्ट केलं आणि बरणी माझ्या हातात परत दिली.